भाड्याच्या खोल्या, वादळ आणि आमचे फॅब्रिकेटर भाई: दहापैकी आठ

आधी गुणच सांगून टाकते, म्हणजे पुढचं वाचायचा कंटाळा असेल त्यांची सुटका. दहापैकी आठ. एक गुण बिलापायी कापला, एक वेळेपायी. छपराच्या कामात कापण्यासारखं काही सापडलं नाही, आणि शोधण्यात मी कसर ठेवलेली नाही.

श्रीवर्धनला समुद्रापासून जरा आत, वाडीच्या कडेला आमची पाच खोल्यांची बैठी चाळ आहे. सासऱ्यांनी चिऱ्यात, म्हणजे जांभ्या दगडात बांधलेली. आधी कौलं होती, पुढे पत्रे आले. भाडेकरू सगळे बदलीवाले नोकरदार: झेडपीचे शिक्षक, बँकेतला एक मुलगा, सरकारी दवाखान्यातली नर्स. या चाळीची पावसाआधीची आणि वादळाआधीची सगळी तयारी मी म्हसळ्याकडच्या एका फॅब्रिकेटरकडून, म्हणजे लोखंडी सांगाडे आणि पत्र्याची छपरं करणाऱ्याकडून करून घेते. नाव देत नाही. त्यांनीच हात जोडून सांगितलंय, "काकू, नाव नका टाकू, आहेत तीच कामं उरकत नाहीत." सगळे त्यांना भाई म्हणतात, मीही इथे भाईच म्हणते.

निसर्ग वादळ ३ जून २०२० च्या दुपारी अलिबागच्या दक्षिणेला रायगडच्या किनाऱ्यावर आलं. वारा ताशी शंभर किलोमीटरच्या वर, मध्येच येणारे झोत त्याहून जोराचे. सुपारीच्या आणि नारळाच्या वाड्या कशा आडव्या झाल्या त्यावर इतकं लिहून झालंय की मी पुन्हा रडगाणं गात नाही. छपराचं सांगते. आधी गेला तो पडवीचा पत्रा. ज्याने आमचं आधीचं छप्पर केलं होतं त्याने पडवी आणि मागचं पाख (छपराची उतरती बाजू) यांवर एकच लांब पत्रा ओढला होता. दिसायला छान, सांधा नाही, गळती नाही. वारा पडवीखाली शिरला, कड उचलली गेली, आणि त्या कडेने मागचं सगळं पाख ओढून नेलं. तीन खोल्या उघड्या पडल्या. दुसऱ्या दिवशी भाचा शिडी लावून वर चढला तर लोखंडी पाईपावर स्क्रू जागच्या जागी उभे! प्रत्येकाच्या मानेला रबरी वॉशर, आणि वॉशरखाली पत्र्याची नखाएवढी चकती. बाकीचा पत्रा शेजारच्या वाडीत. छप्पर करणारा त्यानंतर फोन उचलेना, ते असो.

भाई पहिल्यांदा आले ते याच्यानंतर. बाकी जे दोघेतिघे येऊन गेले त्यांनी ओटीवर बसून पत्र्यांचे रंग दाखवले, निळा घ्या, विटकरी घ्या, कौलासारखा दिसणारा घ्या. भाईंनी आल्याआल्या शिडी मागितली. वर जाऊन त्या चकत्या बघितल्या, दोनचार काढून खिशात घातल्या आणि खाली येऊन म्हणाले, "पत्रा उडला नाय काकू, फाटला. पातळ होता, आणि स्क्रू लांब लांब." मी त्या क्षणीच काम त्यांना दिलं.

त्यांनी ओटीवर बसून जे समजावलं ते थोडक्यात असं. वारा छपराला खाली दाबतो ही आपली समजूत. प्रत्यक्षात पाखावरून वेगाने जाणारा वारा पत्र्याला वर ओढतो, आणि सगळ्यात जास्त ओढ बसते ती कडांना: वळचणीला (छपराच्या खालच्या कडेला), आढ्यापाशी (सगळ्यात उंच मधल्या रेषेपाशी), दोन्ही बाजूंच्या टोकांना आणि कोपऱ्यांत. त्यात एखादी खिडकी फुटली किंवा दार उघडलं की आत शिरलेला वारा खालून ढकलतो. वरून ओढ, खालून ढकल. त्यामुळे वादळात 'हवा खेळती राहावी' म्हणून खिडक्या उघड्या ठेवणं म्हणजे छपराला निरोप देणं. आमच्या एका शिक्षक भाडेकरूंना हे पटायला वेळ लागला. लातूरकडचे आहेत, तिकडे वावटळ बघितलेली, समुद्रावरून येणारा वारा पहिल्यांदाच.

आता काम. जुने पाईप बरे होते तेवढे ठेवले, गंजलेले बदलले. पत्रा ०.५० मिलिमीटरचा घेतला. बाजारात त्याहून पातळ पत्रा 'तसाच दिसतो काकी' म्हणून गळ्यात मारतात. तसाच दिसतो हे खरंय, चकती तिथूनच निघते. मधल्या भागात एक उंचवटा सोडून एक स्क्रू, पण वळचणीला, आढ्याला आणि टोकांना प्रत्येक उंचवट्यावर. स्क्रू स्टेनलेसचे. समुद्राच्या खाऱ्या हवेत साधा झिंक चढवलेला स्क्रू थोड्याच पावसाळ्यांत तपकिरी होतो, आणि गंजलेल्या स्क्रूचं डोकं वाऱ्याची वाटच बघत असतं.

स्क्रू आवळायची त्यांची पद्धत मुद्दाम सांगते. ड्रिल मशीन हातात आलं की पोरं शेवटपर्यंत दाबून धरतात. रबर चेपून बाहेर येतं, चिरतं, पत्र्याला खळगा पडतो, त्या खळग्यात पाणी साचतं आणि दोन वर्षांनी भाडेकरू म्हणतो, काकू, गळतंय. भाईंचा नियम असा की रबर वॉशरच्या लोखंडी टोपीच्या काठाबरोबर यावं, अगदी जराशी कड दिसावी, तिथे थांबायचं. शेवटचा पीळ ते मशीनने देतच नाहीत, हाताने देतात. नंतर प्रत्येक रांगेवरून बोट फिरवत जातात. एका पोराने एक रांग घाईत मारली होती ती सगळी काढून परत मारायला लावली. उन्हात, मे महिन्यात. पोरगं काय पुटपुटलं ते लिहीत नाही.

पण माझ्या मते त्यांच्या कामाचा खरा कस पत्र्याच्या खाली आहे. पत्रा पाईपाला कितीही घट्ट असला तरी पाईप कशाला धरून आहे? आमच्याकडे पाईप चिऱ्याच्या भिंतीवर नुसते टेकवून, दोन बाजूंनी सिमेंट चोपडलं होतं. म्हणजे पत्रा फाटला नसता तर पाईपासकट गेला असता. चिऱ्यात भोक पाडून अँकर ठोकला तर धरत नाही, जांभा आतून सच्छिद्र, त्याचा भुगा होतो. भाईंनी भिंतीच्या माथ्यावरचा वरचा थर काढून तिथे सळई घालून काँक्रीटचा पट्टा ओतला आणि त्यातच बोल्ट उभे गाडले. त्या बोल्टांना पाईप पट्ट्यांनी जखडले. म्हणजे वाऱ्याने पत्रा ओढला तर पत्रा स्क्रूला ओढेल, स्क्रू पाईपाला, पाईप बोल्टाला, बोल्ट भिंतीला, आणि भिंतीला उचलायला वारा कमी पडेल. वेल्डिंग झालं की वरची खपली हातोडीने पाडून, घासून, मग गंज रोखणारा रेड ऑक्साइड रंग. बहुतेक ठिकाणी खपलीवरच रंग मारतात, तो पहिल्या पावसाळ्यात पापुद्र्यासारखा सुटतो.

पडवीचं छप्पर त्यांनी मुख्य पाखापासून तोडून वेगळं केलं, थोडं खाली घेतलं. मला आधी हे पटेना, सांध्यातून झड आत येणार म्हणून. येतेही थोडी, पायपुसणं ओलं होतं. पण पडवी गेलीच तर एकटी जाईल, घराला घेऊन जाणार नाही. भाड्याच्या घराला हे फार महत्त्वाचं, कारण पडवी गेली तर भाडेकरू राहतो, पाख गेलं तर त्याला सामानासकट कुणाच्या तरी घरी हलवावं लागतं.

आता खोट. पत्र्याला भोकं पाडली की लोखंडाचा बारीक कीस पडतो. तो तसाच राहिला तर पहिल्या सरीत गंजतो आणि नव्याकोऱ्या पत्र्यावर तपकिरी ठिपके उमटतात, पुढे तिथूनच पत्रा खायला लागतो. भाईंची पोरं हा कीस झाडत नाहीत. सांगावं लागतं, मऊ केरसुणी हातात द्यावी लागते आणि खाली उभं राहावं लागतं. मी उभी राहिले म्हणून याचा गुण कापला नाही, पण कुणी पुण्या-मुंबईला राहून फोनवरून काम करून घेत असेल तर त्याने एखादा माणूस उभा करावा.

वेळेचा गुण मात्र कापलाच. भाई सोमवारी येतो म्हणाले की कुठला सोमवार हे विचारून घ्या. आणि आले की सकाळी सातला, न कळवता, मशीन सुरू. पहिल्या खोलीतल्या नर्सबाई रात्रपाळी करून नुकत्या झोपलेल्या. त्या गाऊनवर बाहेर आल्या आणि भाईंना जे काही बोलल्या त्यात 'माणूस आहे मी' एवढंच मला ऐकू आलं. तेव्हापासून मी कोणाची कधी पाळी हे विचारून कामाचा दिवस भाडेकरूंना आदल्या संध्याकाळी सांगते आणि नर्सबाईंच्या डोक्यावरचं काम शेवटी ठेवायला लावते. हे खरं तर त्यांनी विचारायला हवं. घर आपलं असलं तरी आत राहतो त्याची झोप आपली नव्हे.

भाडेकरूंचा विषय निघालाच आहे तर सांगते, भाड्याच्या खोल्यांची छपरं जास्त का जातात. स्वतःच्या घरात माणूस मिरगाआधी शाकारणी करतो, कारण टपटप त्याच्या डोक्यावर होते. भाडेकरू गळतीखाली बादली ठेवतो आणि गणपती झाल्यावर सांगतो. मालक त्या छपराखाली झोपत नाही, भाडेकरू त्या छपरावर चढत नाही. मधल्या मध्ये छप्पर अनाथ. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ दुरुस्तीची जबाबदारी मालकावर टाकतो हे बरंच आहे, पण गळतंय हे मालकाला कळायला तर हवं. म्हणून अकरा महिन्यांच्या करारात मी आता एक ओळ घालते: पावसाआधी आणि पावसानंतर छपराची पाहणी मालक करणार, त्यासाठी आदल्या दिवशी कळवून खोलीत येणार. करार रजिस्टर होतो, त्यामुळे ओळीला वजन राहतं.

ही पाहणी हाच भाईंच्या सेवेचा दुसरा भाग, आणि मला तो छपराइतकाच आवडतो. वर्षातून दोन फेऱ्या. एक मे महिन्यात, एक दिवाळीच्या सुमारास. दिवाळीची कशाला, असं इथले लोक विचारतात. अरबी समुद्रातली वादळं पावसाच्या आधी येतात तशी पाऊस संपल्यावरही येतात. फयान ११ नोव्हेंबर २००९ ला आलं होतं, कितीतरी मच्छीमार समुद्रावर असताना. भाईंचे मामेभाऊ त्यात बोटीवर होते, वाचले. तेव्हापासून भाईंना नोव्हेंबरचं सांगावं लागत नाही.

फेरीत ते काय काय बघतात? सैल झालेले स्क्रू, गंजलेल्या पट्ट्या, आढ्यावरच्या टोपीचे बोल्ट हे आलंच. शिवाय पाण्याच्या टाक्या. प्लास्टिकची रिकामी टाकी वादळात सगळ्यात आधी उडते आणि दुसऱ्याच्या छपरावर पडते. आमच्या टाक्यांना त्यांनी लोखंडी कड्या घालून चौथऱ्याला बांधलंय, आणि भाडेकरूंना सक्त ताकीद: इशारा आला की टाकी काठोकाठ भरायची. भरलेली टाकी जागची हलत नाही, आणि नंतर वीज गेली की तेच पाणी प्यायला. निसर्गनंतर वीज येईपर्यंत लोक टेम्पोवर जनरेटर घेऊन फिरत होते, पैसे घेऊन पंप चालवून टाक्या भरून द्यायचे. आमच्या विहिरीला रहाट शाबूत होता, तेव्हा निम्मी आळी आमच्याकडे.

टीव्हीच्या डिश हा भाईंचा खास शत्रू. भाडेकरू बदलतो, जुनी डिश तशीच राहते, नवा आपली आणखी एक लावतो, आणि प्रत्येक डिशवाला पत्र्याला स्वतःची भोकं पाडतो. आमच्या पाच खोल्यांवर एकदा नऊ डिश निघाल्या. आता एक लोखंडी खांब जमिनीत गाडून दिलाय, डिश तिथेच. पत्र्याला हात लावायचा नाही.

खिडक्यांना आतून आडव्या पट्ट्या घालायची सोय केली आहे, जुन्या घरांना अडसर असायचा त्याच धर्तीवर. दारांना वर-खाली टॉवर बोल्ट, कारण एका कडीवर दार धरत नाही, ते मध्येच फाकतं.

झाडांचं काम भाई करत नाहीत, नुसती बोट दाखवून नावं ठेवतात. चाळीच्या मागे कलंडलेला एक माड होता. तो तोडायला नगर परिषदेत अर्ज करावा लागतो, आणि तो अर्ज मार्चमध्ये करावा, मेमध्ये नाही. आंब्याच्या छपरावर आलेल्या फांद्या उतरवल्या त्या वेगळ्या माणसाकडून. सर्व्हिस वायरलाही भाई हात लावत नाहीत, आणि ते बरोबरच आहे. वायरमनलाच बोलवावं.

हवामान खात्याचा ऑरेंज अलर्ट आला की भाई न सांगता संध्याकाळी एक चक्कर मारतात, हे मात्र मी कुणाकडे पाहिलं नाही. त्याचे वेगळे पैसे घेत नाहीत. चहा घेतात, तोही बिनसाखरेचा.

तौक्ते आलं १६-१७ मे २०२१ ला. ते समुद्रातूनच वर गुजरातकडे गेलं, त्यामुळे याला परीक्षा म्हणून मी भाईंना पैकीच्या पैकी गुण देणार नाही. तरी वारा चांगलाच होता. पडवीच्या टोकाची एक पट्टी वाकली, बाकी छप्पर जागेवर. आत राहणाऱ्यांना रात्री झोप लागली की नाही हे विचारलं तर बँकेतला मुलगा म्हणाला, आवाज भयंकर होता, पण थरथर नव्हती. आधीच्या छपराखाली नुसत्या पावसाळी वाऱ्यातही थाळ्या वाजायच्या.

आता बिल. भाई हिशोब वहीच्या पानावर देतात. हिशोब चोख असतो, स्क्रूच्या डब्यासकट. पण त्या पानाचा विम्याला काही उपयोग नाही. सामानाची पक्की बिलं दुकानातून मला स्वतः मागून आणावी लागली, मजुरीची पावती तर लढून. एक गुण गेला तो इथे. मी २०२१ पासून निघालेली भारत गृह रक्षा पॉलिसी चाळीला घेतली आहे. ही सगळ्या कंपन्यांकडे सारख्याच अटींची मिळते, वादळ-पूर त्यात येतात, आणि घर राहण्याजोगं नसेल त्या काळातलं बुडालेलं भाडंही येतं. भाडं येतं हे बऱ्याच घरमालकांना माहीत नसतं. मात्र भाडेकरूचं सामान मालकाच्या पॉलिसीत येत नाही. त्याचा टीव्ही, त्याचं कपाट, त्याच्या मुलांची पुस्तकं यांचा विमा त्याने वेगळा काढायचा, आणि हे खोली देतानाच सांगावं. पंचनाम्याच्या वेळी ऐकून कुणालाही राग येतो. मी प्रत्येक फेरीनंतर छपराचे आतून-बाहेरून फोटो काढून ठेवते, बोल्टांचेसुद्धा. तलाठ्याला दाखवायला, विम्याला दाखवायला, आणि भाईंशी वाद घालायलाही.

खर्च विचारणारच. पहिल्या वर्षी, काँक्रीटच्या पट्ट्यासकट, चाळीच्या साधारण आठ महिन्यांच्या भाड्याएवढा आला. मोठा आहे. आमच्या यजमानांनी दोन दिवस माझ्याशी अबोला धरला. दरवर्षीच्या दोन फेऱ्या मात्र एका खोलीच्या महिन्याच्या भाड्यात बसतात. सगळं एकदम झेपत नसेल तर भाईंचा सल्ला असा: आधी पाईप भिंतीला बांधा, मग कडांचे स्क्रू वाढवा, पत्रा शेवटी बदला. पत्र्याचा धंदा करणारा माणूस पत्रा शेवटी बदला म्हणतो, म्हणून मी आठ गुण दिले.

कुणाला बोलवायचे असतील तर मला विचारा, मी त्यांना विचारून नंबर देईन. फोन रात्री नऊनंतर करायचा, दिवसा ते छपरावर असतात. मेचं काम हवं असेल तर गुढीपाडव्याच्या आसपास सांगून ठेवायला हवं. वैशाखात फोन कराल तर गोड बोलतील आणि येणार नाहीत. स्लॅबच्या घराला त्यांचा फारसा उपयोग नाही, टाक्या बांधायला बोलवू शकता. आणि कौलांना ते हात लावत नाहीत. आमच्या राहत्या घरावर अजून मंगलोरी कौलं आहेत, ती नीट शाकारून देणारा कुणी ठाऊक असेल तर तुम्हीच मला कळवा.